उत्तर कोणाच्या मालकीचे? हॅलोविनची कोडी आणि उत्स्फूर्त विनोदी प्रयोग

कोडे या वाङ्मयप्रकाराची कोणतीही व्याख्या घेतली तरी तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आढळते. विचारणाऱ्याला उत्तर आधीपासून ठाऊक असते, आणि ऐकणाऱ्याने ते शोधायचे असते. ऐकणारा थकला की तो हार कबूल करतो, मग विचारणारा उत्तर सांगतो आणि खेळ संपतो. उत्स्फूर्त नाट्यप्रयोग, ज्याला इंग्रजीतून आलेले 'इम्प्रोव्ह' हे लघुरूप आता सर्वत्र रूढ झाले आहे, नेमक्या उलट अटीवर उभा असतो. तेथे संहिता नसते, रंगमंचावर येणाऱ्या नटाला पुढचे वाक्य ठाऊक नसते आणि ते ठाऊक असल्याचा संशय जरी आला तरी प्रेक्षकांचा रस उडतो. पहिल्या प्रकारात उत्तराचे पूर्वज्ञान ही पूर्वअट आहे, दुसऱ्यात तो दोष आहे. असे असताना हे दोन प्रकार एकाच रंगमंचावर आले तर कोड्याचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

असा संयोग घडताना पाहावयाचा असेल तर अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन येथे ऑक्टोबरच्या अखेरीस हॅलोविनच्या निमित्ताने होणारे विनोदी प्रयोग पाहावेत. प्रस्तुत लेखकाने ते ध्वनिचित्रमुद्रणांतूनच पाहिले आहेत, आणि या मर्यादेचा परिणाम विवेचनावर होणार हे आरंभीच मान्य केले पाहिजे. नाट्यगृहातला हशा मुद्रणात ऐकू येतो. परंतु तो नेमका कोणत्या कोपऱ्यातून उठला आणि कोणाला पाहून उठला, हे कळत नाही.

हॅलोविन म्हणजे १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या. हिवाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या सॅवन या गेलिक सणाशी तिचे नाते जोडले जाते. आपल्याकडील वृत्तपत्रे तिला दरवर्षी 'पाश्चात्त्यांची सर्वपित्री' म्हणून मोकळी होतात. ही तुलना दिनदर्शिकेपुरती ठीक आहे. साहित्याच्या अभ्यासकाला तिचा फारसा उपयोग नाही. त्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की हॅलोविन ही भुतांच्या रात्रीइतकीच प्रश्नांचीही रात्र होती. रॉबर्ट बर्न्सने १७८५ साली लिहिलेल्या 'हॅलोविन' या दीर्घ कवितेत स्कॉटलंडच्या खेड्यातील तरुणतरुणी त्या रात्री जे विधी करतात, ते जवळजवळ सगळे एकाच प्रश्नाभोवती फिरतात: आपला जोडीदार कोण? डोळे मिटून शेतातून कोबीवर्गीय भाजीचा दांडा उपटायचा आणि त्याच्या वाकडेपणावरून भावी पतीची अंगलट ठरवायची. दोन फळबिया विस्तवात शेजारी ठेवायच्या आणि त्या एकत्र जळतात की एकमेकींपासून उडतात हे पाहायचे. सफरचंदाची अखंड साल खांद्यावरून मागे टाकून तिच्या वळणातून नवऱ्याच्या नावाचे आद्याक्षर वाचण्याची रीतही याच कुळातली.

मराठी वाचकाला येथे उखाण्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. उखाणा या शब्दाचा 'कोडे' हा अर्थ अनेक भागांत अजूनही जिवंत आहे, आणि नाव घेण्याच्या उखाण्यातही लपवलेले उत्तर म्हणजे नवऱ्याचे नावच असते. मात्र साम्य येथेच थांबते. उखाण्यातील नाव मांडवातील प्रत्येकाला माहीत असते, फक्त ते उघड उच्चारण्यास संकोचाचा अडसर असतो. सफरचंदाच्या सालीतील नाव विचारणारीलाही माहीत नसते. एकीकडे सर्वांना ठाऊक असलेले उत्तर झाकायचे आहे, दुसरीकडे कोणालाच ठाऊक नसलेले उत्तर मागायचे आहे. कोड्याच्या रूढ व्याख्येत या दोन्ही टोकांना जागा नाही, ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

हॅलोविनचे दुसरे अंग वेषांतराचे. स्कॉटलंड आणि आयर्लंड येथे मुले सोंग घेऊन, सलगमासारखे कंद कोरून केलेले दिवे हाती धरून दारोदार जात. खाऊ किंवा नाणे केवळ मागून मिळत नसे. दारात उभे राहून गाणे, कविता, चुटका किंवा कोडे सादर करावे लागे. आणि घरातली माणसे मुखवट्यामागे कोणाचा मुलगा आहे हे ओळखण्याचा प्रयत्न करीत. म्हणजे सोंग घेतलेले मूल हे स्वतःच एक कोडे असे, आणि ते आणखी एक कोडे घेऊन दारात येई. आपल्याकडे याच्या अधिक जवळ जाणारी उदाहरणे पितृपक्षात नव्हे, शिमग्यात सापडतात. कोकणातील खेळे आणि सोंगे घरोघर जाऊन पोस्त मागतात, तेही खेळ करून दाखवल्यावरच. बहुरूपी फौजदाराच्या वेषात दारात येऊन खोटे वॉरंट बजावतो, आणि घरमालकाच्या नावागावाचा, दारातल्या म्हशीचा, नुकत्याच झालेल्या लग्नाचा तत्काळ उपयोग करून आपले भाषण रचतो. त्याची बिदागी ही त्या रचनेची बिदागी असते. या प्रथांमध्ये ऐतिहासिक नाते आहे असे मला मुळीच सुचवायचे नाही. उंबरठ्यावरचा अनोळखी माणूस, त्याने दिलेला शब्दांचा खेळ आणि त्याबदल्यात मिळणारे दान ही रचना स्वतंत्रपणे अनेक ठिकाणी उभी राहू शकते, एवढेच म्हणायचे आहे.

अमेरिकेत गेल्यावर या प्रथेतील सादरीकरणाचा भाग बहुतेक ठिकाणी गळून पडला आणि खाऊ मागण्याचे ठराविक वाक्य तेवढे उरले. तरीही काही शहरांनी तो भाग टिकवला. मिसुरी राज्यातील सेंट लुइस येथे मुलांनी दारात चुटका सांगितल्याशिवाय खाऊ द्यायचा नाही, असा रिवाज आहे. आयोवा राज्यातील डे मॉइन शहरात १९३८ मध्ये हॅलोविनच्या रात्री झालेल्या नासधुशीनंतर नगरपालिकेने मुलांची फेरी आदल्या रात्रीवर नेली आणि गाणे, कविता किंवा चुटका म्हटल्यावरच खाऊ द्यावा असे नागरिकांना सुचविले. ही फेरी पुढे दीर्घकाळ ३० ऑक्टोबरलाच होत राहिली. कोड्याकडे दंगा आवरण्याचे साधन म्हणून पाहणारी नगरपालिका ही आपल्या शास्त्रात विरळाच.

मुले सांगतात ते चुटके बहुतांशी प्रश्नोत्तरी कोडीच असतात. हाडांचा सापळा नाचाच्या समारंभाला का गेला नाही, असा प्रश्न येतो, आणि उत्तर 'नोबडी' या शब्दावर खेळते: सोबतीला कोणी नव्हते, आणि अंगावर शरीरही नव्हते. या कोड्याचे उत्तर तर्काने सापडणारे नाही. ते आधी ऐकलेले असावे लागते. दारातल्या वयस्क माणसाने ते शेकडो वेळा ऐकलेले असते, तरीही 'नाही बुवा, का गेला नाही?' असे म्हणणे हे त्याचे कर्तव्य ठरते. त्या रात्रीपुरते उत्तर मुलाच्या मालकीचे असते, आणि मोठ्यांनी ते बळकवायचे नसते.

येथे जॉन ब्लॅकिंग यांनी १९६१ साली दक्षिण आफ्रिकेतील व्हेंडा समाजाच्या कोड्यांविषयी मांडलेला विचार आठवतो. व्हेंडा मुले कोडी सोडवीत नाहीत. ती प्रश्न आणि उत्तर ही दोन्ही अंगे एकत्र, सूत्रासारखी पाठ करतात, आणि स्पर्धेत एका कोड्याच्या उत्तराचा मोबदला दुसरे कोडे विचारून चुकवतात. कोडे येथे बुद्धीची परीक्षा नसून चलन आहे. रॉबर्ट जॉर्जेस आणि ॲलन डंडेस यांची १९६३ सालची संरचनावादी व्याख्या कोड्यातील वर्णनघटक आणि त्यांचा ओळखावयाचा निर्देश्य यांवर भर देते. तौलनिक अभ्यासात ती फार उपयोगी पडली, हे खरे. पण उत्तर कोणाकडे आहे आणि ते कोणी द्यायचे, हा प्रश्न ती विचारीत नाही. आणि प्रयोगात आल्यावर कोड्याचे सगळे नाट्य याच प्रश्नात असते.

आता उत्स्फूर्त प्रयोगाच्या परंपरेकडे वळू. तिची एक महत्त्वाची शाखा नाट्यगृहातून न निघता मुलांच्या खेळांतून निघाली, ही गोष्ट नाट्येतिहासात नोंदली जाते आणि लोकसाहित्याच्या अभ्यासात विसरली जाते. शिकागोमध्ये १८८९ साली स्थापन झालेल्या हल हाउस या समाजसेवी वसतिस्थानात निव्हा बॉइड या पारंपरिक खेळ आणि लोकनृत्ये शिकवीत. त्यांच्याकडे १९२० च्या दशकात शिकलेल्या व्हायोला स्पोलिन यांनी पुढे परदेशांतून आलेल्या कुटुंबांतील मुलांना नाट्य शिकवण्यासाठी खेळच वापरले. समान भाषा आणि समान संहिता नसलेल्या मुलांकडून पाठ केलेले संवाद म्हणवून घेण्यापेक्षा खेळाचे नियम समजावणे सोपे होते. या खेळांचे त्यांचे पुस्तक १९६३ साली प्रसिद्ध झाले. त्यात 'मी कोण?' हा खेळ आहे: एका नटाला आपण कोण आहोत हे सांगितलेले नसते, बाकीचे त्याच्याशी तो कोणीतरी आहे असे वागतात, आणि त्या वागण्यावरून त्याने स्वतःला ओळखायचे असते. मुखवट्यामागील मुलाला ओळखण्याच्या खेळाची ही उलटी बाजू आहे. येथे मुखवटा घातलेल्यालाच आपण कोण हे माहीत नाही.

स्पोलिन यांचे पुत्र पॉल सिल्स आणि डेव्हिड शेफर्ड यांनी १९५५ साली शिकागोत 'कंपस प्लेअर्स' ही मंडळी उभी केली. तिच्या परंपरेतून १९५९ साली 'सेकंड सिटी' निघाली. कंपसची एक शाखा १९५७ साली सेंट लुइसमध्ये काम करू लागली. तेथे थिओडोर फ्लिकर आणि इलेन मे यांनी रात्रीच्या प्रयोगांत काय फसले याची चर्चा करीत काही नियम बांधले. त्यांतला पहिला म्हणजे सोबत्याने मांडलेले वास्तव नाकारायचे नाही. 'हो, आणि...' हे आज जगभर शिकवले जाणारे सूत्र याच विचाराचे. ज्या शहरात मुलांना कोड्याखेरीज खाऊ मिळत नाही, त्याच शहरात हा नियम घडला, हा योगायोग आहे. त्यातून निष्कर्ष काढण्याचा मोह टाळलेलाच बरा. ब्रिटनमध्ये कीथ जॉनस्टन यांनी रॉयल कोर्ट नाट्यगृहातील अध्यापनातून वेगळी वाट काढली आणि पुढे कॅनडात कॅलगरी येथे ती रुजवली. त्यांचे 'इम्प्रो' हे पुस्तक १९७९ चे. २०२३ साली ते निवर्तले.

हॅलोविनच्या प्रयोगांत हे जुनेच खेळ भुतांचे कपडे घालून येतात. त्यांतील एकाला इंग्रजीत केवळ एका आकड्याने ओळखतात: एकशे पंच्याऐंशी. प्रेक्षकांनी एक नाम सुचवायचे, समजा 'चेटकीण'. मग एकेक नट पुढे येऊन ठराविक साच्यात सांगतो की १८५ चेटकिणी मद्यालयात शिरल्या, मालक म्हणाला की आम्ही तुम्हाला पेय देत नाही, आणि त्या म्हणाल्या... येथे जागच्या जागी श्लेष सुचला पाहिजे. 'स्पेल' या शब्दाचे मंत्र आणि थोडा वेळ असे दोन्ही अर्थ होत असल्याने कोणी म्हणेल की चेटकिणींनी एक 'स्पेल' थांबण्याची तयारी दाखवली. प्रश्न सर्वांना पाठ, उत्तर कोणालाच माहीत नाही, आणि एकाच प्रश्नाला पाचसहा उत्तरे लागोपाठ येतात. कोणतेही 'बरोबर' नसते. अत्यंत वाईट श्लेषाला सर्वांत मोठा कण्हण्याचा आवाज मिळतो, आणि तोही दादच असते. हा खेळ कोड्याचे छंदशास्त्र तेवढे ठेवतो आणि उत्तराचे एकत्व टाकून देतो.

'साखळी खून' या खेळाची रचना याहून गुंतागुंतीची आहे. एक नट मागे ठेवून बाकीच्यांना बाहेर पाठवतात आणि प्रेक्षक स्थळ, व्यवसाय आणि खुनाचे हत्यार ठरवतात. हत्यार जितके विपरीत तितके बरे. बाहेरचे नट एकेक करून आत येतात. ज्याला उत्तर माहीत आहे त्याने ते अर्थहीन ध्वनी आणि हावभाव यांतून पुढच्याला समजवायचे, समजले असे वाटताच त्या पुढच्याने सांगणाऱ्याचा त्याच हत्याराने वध करायचा, आणि साखळी पुढे न्यायची. शेवटच्या नटाने आपल्याला उमगलेले सांगायचे. कानगोष्टीच्या खेळासारखीच येथे चूक वाढत जाते. दंतवैद्य दुसऱ्या दुव्यापर्यंत लोहार होतो आणि तिसऱ्यापर्यंत पुरोहित. बारकाईने पाहिले तर येथे कोड्यातील ज्ञानाची वाटणी उलटी झाली आहे. उत्तर प्रेक्षकांकडे आहे, आणि रंगमंचावरचा कलावंत अज्ञानी आहे. 'हूज लाइन इज इट एनीवे?' या कार्यक्रमाने, जो १९८८ साली बीबीसी रेडिओवर आला व त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर गेला, पाहुण्यांची गुप्त लकब यजमानाने ओळखण्याचा खेळ घराघरांत नेला. त्याचेही तत्त्व हेच. ज्याला उत्तर माहीत आहे तो हसतो, ज्याला नाही तो चुकतो, आणि त्या चुकांतूनच प्रयोगाची संहिता बनते. नटाने पहिल्याच फेरीत बरोबर ओळखले तर प्रेक्षक टाळ्या वाजवतात खरे, पण त्यांची निराशा लपत नाही.

तिसरा खेळ तीन डोक्यांच्या भविष्यवेत्त्याचा. तीन नट खांद्याला खांदा लावून बसतात, एकच चेटकीण असल्याचे सांगतात, आणि प्रेक्षकांनी विचारलेल्या प्रश्नाला एकेक शब्द आळीपाळीने उच्चारून उत्तर देतात. शब्दागणिक गोष्ट रचण्याचा जॉनस्टन यांचा खेळ याच जातीचा. पहिल्याने 'तुझा' म्हटले की दुसऱ्याच्या मनात 'नवरा' असेल, पण तो बोलेपर्यंत त्याचा हेतू बदललेला असतो, आणि तिसरा त्याला कोठे नेईल हे दोघांनाही ठाऊक नसते. सफरचंदाच्या सालीचा प्रश्न येथे परत आला आहे. उत्तर विचारणाऱ्याकडे नाही, देणाऱ्याकडे नाही, आणि तरीही ते व्याकरणशुद्ध वाक्य म्हणून सर्वांसमोर पूर्ण होते. त्या वाक्याचा कर्ता कोण, या प्रश्नाचे उत्तर साहित्यशास्त्राला सहज देता येणार नाही.

भारतीय परंपरेत कोड्याच्या प्रतिष्ठेविषयी वाद जुनाच आहे. दंडीने 'काव्यादर्शा'त सोळा प्रकारच्या प्रहेलिका सांगितल्या, आणि त्यांचा उपयोगही सांगितला: क्रीडागोष्ठीतील विनोद, गर्दीत जाणत्यांमधील गुप्त बोलणे आणि इतरांना बुचकळ्यात टाकणे. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त प्रहेलिकेला अलंकाराचे स्थान नाकारले, कारण ती रसाच्या आड येते. विश्वनाथाचा आक्षेप संहितेपुरता रास्त आहे. वाचक अर्थ शोधण्यात गुंतला की रसचर्वणा थांबते. दंडी मात्र संहितेविषयी बोलतच नाही. तो गोष्ठीविषयी, म्हणजे प्रयोगाविषयी बोलतो. कोण कोणासमोर, कोणाला वगळून बोलत आहे, हे त्याच्या दृष्टीने प्रहेलिकेचे प्रयोजन आहे. आजच्या प्रयोगाभ्यासाला दंडी अधिक जवळचा वाटतो तो यामुळे.

अमीर खुसरोच्या नावावर असलेल्या मुकऱ्या या चर्चेत विशेष महत्त्वाच्या आहेत. एक सखी अशी वर्णने करते की ती प्रियकराला तंतोतंत लागू पडावीत. दुसरी विचारते, साजण का? पहिली मुकरते आणि पंखा, दिवा, पाणी अशी एखादी साधी वस्तू सांगते. भारतेंदु हरिश्चंद्रांनी एकोणिसाव्या शतकात हाच साचा घेऊन रेल्वे, पोलीस, वृत्तपत्रे यांवर मुकऱ्या रचल्या. सेंट लुइसचा नियम सांगतो की नकाराने प्रसंग मरतो. मुकरीत नकारानेच प्रसंग जन्मतो. म्हणून 'हो, आणि...' हे उत्स्फूर्ततेचे सार्वत्रिक तत्त्व आहे असे जे मांडले जाते, ते सावधपणे घेतले पाहिजे. मात्र येथे एक बारीक भेद आहे. मुकरीतील नकार पहिले उत्तर पुसून टाकीत नाही. पंख्याचे नाव घेतल्यावरही साजण मनात उरतोच. दोन्ही उत्तरे एकाच वेळी उभी राहतात, आणि त्यांतील कोणते खरे हे ठरवण्याचा अधिकार सखीकडून निसटून श्रोत्याकडे जातो.

तेलुगूतील अवधानाची तुलना याहून नेमकी ठरेल. अष्टावधानात आठ पृच्छक अवधानीला एकाच वेळी गुंतवून ठेवतात. त्यांतील एकजण समस्या देतो. ती बहुधा वरकरणी अनर्थकारक किंवा अश्लाघ्य वाटणारी ओळ असते आणि उरलेले पद्य रचून तिला सुसंगत अर्थ मिळवून द्यायचा असतो. दुसरा पृच्छक अप्रस्तुतप्रसंगी. त्याचे कामच मध्येच असंबद्ध, खोडकर प्रश्न विचारून एकाग्रता मोडण्याचे, आणि अवधानीने त्याला तेथल्या तेथे हजरजबाबी उत्तर देऊन सभा हसवायची. तिरुपती वेंकट कवुलू या कविद्वयाने हा प्रकार विसाव्या शतकाच्या आरंभी लोकप्रिय केला. प्रेक्षकाने सुचवलेले अडचणीचे नाम स्वीकारून त्यातून अर्थ काढणारा शिकागोचा नट आणि अनर्थ ओळीला अर्थ देणारा अवधानी यांचे कौशल्य एकाच जातीचे आहे. भेद आहे तो प्रतिष्ठेचा. अवधानी चुकला तर त्याच्या पांडित्याला बट्टा लागतो, नट चुकला तर प्रयोग रंगतो.

मराठीतील भेदिक शाहिरी या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे, तुरेवाले शिवाला. आणि झगडा म्हणजे एका फडाने पुराणातला कूट सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याच चालीत जबाब द्यायचा. तुर्रा-कलगीची ही परंपरा राजस्थान, माळवा, हरियाणापर्यंत पसरलेली आहे, आणि तिचे मूळ तुकनगीर आणि शाहअली या दोन पुरुषांपर्यंत नेले जाते. भेदिकात उत्तर ही फडाची मिळकत असते. गुरूकडून आलेले बाड शाहीर जिवापाड जपतो, कारण त्यातील सवालांचे जबाब प्रतिपक्षाला कळले तर त्याचे भांडवलच बुडते. परंतु ऐन झगड्यात पाठ नसलेला सवाल आला की शाहीर काय करतो? तो प्रतिपक्षाच्या सवालातील एखादा शब्द पकडतो, त्यावर कोटी करतो, श्रोत्यांना हसवतो आणि कडवे संपेपर्यंत वेळ मिळवतो. तमाशाच्या बोर्डावर सोंगाड्याचे काम पुष्कळदा असेच चालते. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५) मध्ये दादा कोंडके यांनी प्रयोगागणिक ताज्या घडामोडींची जी भर घातली, ती याच परंपरेतली.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो टाळणे योग्य नाही. उत्स्फूर्त म्हणवले जाणारे हे प्रयोग खरोखर उत्स्फूर्त असतात काय? चेटकीण, पिशाच्च, सापळा ही हॅलोविनची नामे दरवर्षी तीच. सराईत नटाजवळ त्यांवरील पन्नास श्लेष तयार असणारच. इटलीच्या 'कोमेदिया देल्लार्ते'तील नटांजवळ ठराविक विनोदांचा साठा असे, आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० साली युगोस्लाव्ह गायकांविषयी दाखवले की मौखिक महाकाव्य रचणारा गायक सूत्रांच्या साठ्यातूनच गाता गाता रचतो. म्हणजे स्मरण आणि रचना यांच्यामध्ये आपण समजतो तशी भिंत नाही. आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा 'सगळे आधीच ठरलेले असते' हा निष्कर्ष मान्य नाही. साठा असला तरी तो केव्हा, कोणाच्या कोणत्या वाक्यावर बाहेर काढायचा, हे ठरलेले नसते. साखळी खुनात तर साठ्याचा काहीच उपयोग नाही, कारण दंतवैद्याचा लोहार कोणत्या क्षणी होईल हे कोणीच आधी लिहून ठेवू शकत नाही.

भूत आणि कोडे यांचा सर्वांत गंभीर संयोग मात्र आपल्याच कथापरंपरेत आहे. 'कथासरित्सागरा'तील आणि मराठीत 'वेताळपंचविशी' म्हणून रुळलेल्या कथाचक्रात राजा स्मशानातून प्रेत खांद्यावर घेऊन निघतो, आणि प्रेतातला वेताळ वाटेत गोष्ट सांगून शेवटी कोडे घालतो. उत्तर माहीत असून न दिले तर डोक्याची शकले होणार. दिले तर मौन मोडले म्हणून वेताळ झाडावर परत जाणार. बरोबर उत्तर हीच येथे अपयशाची खूण आहे. राजा हुशार आहे, म्हणून प्रवास संपत नाही. शेवटच्या गोष्टीत बाप आणि मुलगा यांची लग्ने अनुक्रमे मुलगी आणि तिची आई यांच्याशी होतात, आणि त्यांच्या मुलांचे परस्परांशी नाते काय, असे वेताळ विचारतो. राजाला उत्तर सुचत नाही. तो गप्प चालत राहतो, आणि वेताळ प्रसन्न होतो. तीन डोक्यांच्या चेटकिणीच्या खेळात ज्याचे उत्तर कोणाजवळच नाही असा प्रश्न हशा पिकवतो. वेताळाच्या गोष्टीत तोच प्रश्न राजाचा जीव वाचवतो. विनोद आणि भय या दोन्ही ठिकाणी निर्णायक ठरते ते उत्तराचे नसणे.

हे सगळे मान्य केले तर आपल्या संकलनपद्धतीकडे परत पाहणे भाग आहे. व्हेरिअर एल्विन आणि डब्ल्यू. जी. आर्चर यांनी १९४३ साली 'मॅन इन इंडिया'मध्ये भारतीय कोड्यांचे पुस्तक सिद्ध केले आणि कोडी केव्हा, कोणामध्ये घातली जातात याकडेही लक्ष वेधले. मराठीतील बहुतेक छापील संग्रह मात्र कोडे आणि त्यापुढे त्याचे उत्तर एवढेच देतात. दिली गेलेली चुकीची उत्तरे, त्यांवरचे हसणे, 'हरलास म्हण' असा आग्रह, उत्तर ऐकल्यावरची तक्रार, यांतले काहीही नोंदवलेले नसते. दहाव्या शतकातील एक्सेटर पोथीतील जुनी इंग्रजी कोडी उत्तरांविना उतरली, आणि त्यामुळेच विद्वान पिढ्यान्‌पिढ्या चुकीची उत्तरे सुचवीत राहिले. त्या उत्तरांचा इतिहास हा आज त्या कोड्यांच्या अभ्यासाचा भाग आहे. आपली कोडी उत्तरांसह उतरल्याने हा इतिहास घडलाच नाही.

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्राबाहेरच्या एका वर्गात मी नारळाचे एक परिचित कोडे विचारले होते: दार नसलेले घर, आत गोड पाणी. वर्गात निरनिराळ्या मातृभाषांचे विद्यार्थी होते. केरळच्या मुलाने क्षणाचाही विलंब न लावता 'तेंगा' म्हटले, आणि खेळ तेथेच संपायला हवा होता. पण राजस्थानच्या एका मुलाने मतीरा सुचवला आणि वाळवंटात दुसरे गोड पाणी असते कोठे, असा सवाल केला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, डोळा. डोळ्यातले पाणी खारट असते, असे तिघाचौघांनी ओरडून सांगितले. ती म्हणाली, ते ज्याने चाखले त्याला विचारा. वर्ग बराच वेळ हसत होता. माझ्या टिपणवहीत त्या कोड्यापुढे 'नारळ' हा शब्द आधीच लिहिलेला होता. बाकीचे मी त्या संध्याकाळी आठवून समासात उतरवले, आणि कोण कोणाच्या आधी बोलले याचा क्रम तेव्हाच माझ्या आठवणीतून थोडा निसटला होता.